तंतुकणिकेतून केंद्रकाकडे : कडधान्यांतील एका जनुकाचा प्रवास

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मायटोकॉन्ड्रियाविषयी, म्हणजे मराठीत ज्यांना आपण तंतुकणिका म्हणतो त्यांच्याविषयी, एक माहिती हमखास असते. तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए आणि स्वतःचे रायबोझोम असतात, त्यामुळे त्या आपली काही प्रथिने स्वतः तयार करतात. परीक्षेसाठी हे पाठ करून आपण पुढे जातो. पण या वाक्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे ‘काही’. काही म्हणजे किती? उरलेली कोण तयार करते? आणि पूर्वी सगळीच प्रथिने तंतुकणिका स्वतः तयार करत होत्या का? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना आपण थेट मूग, चवळी, सोयाबीन आणि वाटाणा यांच्यापर्यंत पोहोचतो. उत्क्रांती फक्त जीवाश्मांत दिसते असे ज्यांना वाटते, त्यांनी तर हा लेख जरूर वाचावा. कारण इथे अर्धवट झालेले काम आपल्या ताटात पाहायला मिळते.

‘काही’ म्हणजे किती?

माणसाच्या तंतुकणिकेतील डीएनए १६,५६९ अक्षरांचा आहे. त्यात जनुके फक्त ३७, आणि त्यांपैकी प्रथिने तयार करणारी अवघी १३. पण तंतुकणिकेचा कारभार चालायला हजाराहून अधिक प्रकारची प्रथिने लागतात. म्हणजे बाकीची सगळी जनुके केंद्रकात आहेत. त्यांच्यापासूनची प्रथिने बाहेर पेशीद्रवात तयार होतात आणि मग तंतुकणिकेत नेली जातात. वनस्पतींची स्थिती थोडी वेगळी आहे. अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातले छोटे रोप प्रयोगशाळेत फार वापरले जाते. त्याच्या तंतुकणिकेतील डीएनए सुमारे ३ लाख ६७ हजार अक्षरांचा आहे. १९९७ मध्ये तो पूर्ण वाचला गेला तेव्हा त्यात ५७ जनुके ओळखली गेली. डीएनए माणसाच्या वीस पटींपेक्षा लांब, पण जनुके दुप्पटही नाहीत.

आता मोकळ्या जगणाऱ्या जीवाणूकडे पाहू. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जीवाणूत सुमारे ४,३०० जनुके असतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण तंतुकणिकाही कधीकाळी जीवाणूच होत्या.

आत आलेला जीवाणू

१९६७ मध्ये लिन मार्गुलिस या अमेरिकन शास्त्रज्ञ महिलेने एक विचार सविस्तर मांडला. कोट्यवधी वर्षांपूर्वी एका पेशीच्या आत एक जीवाणू शिरला, पचला गेला नाही, मेला नाही, आतच राहिला. त्याला अन्न आणि आसरा मिळाला, पेशीला ऊर्जा मिळाली. त्या जीवाणूचे वंशज म्हणजे आजच्या तंतुकणिका. सुरुवातीला अनेकांना हे पटले नाही. पुढे तंतुकणिकांची जनुके वाचता येऊ लागली आणि ती अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया नावाच्या जीवाणूंच्या गटाशी जुळतात असे दिसले. आज हा विचार पाठ्यपुस्तकात आहे.

पण मग प्रश्न उभा राहतो. जीवाणू आत आला तेव्हा त्याच्याजवळ हजारो जनुके असणार. ती गेली कुठे? काही निरुपयोगी होऊन नष्ट झाली, कारण पेशीत आयते मिळत असताना ती लागेनाशी झाली. आणि बरीचशी केंद्रकात जाऊन बसली. प्राण्यांमध्ये हे स्थलांतर फार पूर्वी जवळजवळ थांबले. फुले येणाऱ्या वनस्पतींमध्ये मात्र ते उत्क्रांतीच्या हिशेबाने अगदी अलीकडेपर्यंत चालू राहिले आहे. म्हणूनच शास्त्रज्ञ या प्रश्नासाठी वनस्पतींकडे वळले.

नुसते पोहोचून भागत नाही

जनुक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेले, हे वाक्य सोपे आहे. काम सोपे नाही. केंद्रकात गेलेल्या जनुकाला कामाला लागायचे तर पुढील पायऱ्या पार कराव्या लागतात.

१. त्याची प्रत तंतुकणिकेबाहेर पडली पाहिजे. तंतुकणिका फुटतात, जुन्या झाल्या की मोडीत निघतात, तेव्हा हे घडू शकते.

२. ती प्रत केंद्रकातील एखाद्या गुणसूत्रात शिरली पाहिजे.

३. तिच्या आधी केंद्रकाला समजणारा ‘सुरू करा’ असा संकेत हवा. त्याला प्रवर्तक म्हणतात. तंतुकणिकेतले संकेत केंद्रकात चालत नाहीत.

४. तयार होणाऱ्या प्रथिनाच्या टोकाला पत्ता हवा. हा पत्ता म्हणजे अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. ती असेल तरच तंतुकणिकेच्या आवरणातील प्रवेशद्वारे त्या प्रथिनाला आत घेतात. आत गेल्यावर हा भाग कापून टाकला जातो. आपल्याकडे गेट पास दाखवल्याशिवाय जसे कोणाला आत सोडत नाहीत, तसेच हे आहे.

५. आत पोहोचलेले प्रथिन योग्य जागी बसून काम करू लागले पाहिजे.

हे सगळे होईपर्यंत तंतुकणिकेतील मूळ जनुक चालूच राहावे लागते. नाहीतर मधल्या काळात पेशीचा श्वास बंद पडेल. म्हणजे एक काळ असा असलाच पाहिजे की एकाच जनुकाच्या दोन प्रती, एक तंतुकणिकेत आणि एक केंद्रकात, शेजारीशेजारी नांदत आहेत. हे नुसते अनुमान आहे की असे खरेच कुठे दिसते? इथे कडधान्ये मदतीला येतात.

चवळी, मूग, सोयाबीन, वाटाणा

कॉक्स-२ नावाचे एक जनुक आहे. त्यापासून बनणारे प्रथिन सायटोक्रोम ऑक्सिडेज या मोठ्या यंत्राचा भाग आहे. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला देण्याचे काम हे यंत्र करते, आणि ते इलेक्ट्रॉन यंत्रात आधी घेणारा भाग म्हणजे कॉक्स-२. सकाळच्या पीटीत धावताना आपण जो ऑक्सिजन आत ओढतो, तो प्रामुख्याने याच ठिकाणी वापरला जातो. मुगाच्या रोपातही तसेच. हे जनुक बंद पडले तर चालणारच नाही.

मक्यात कॉक्स-२ तंतुकणिकेत आहे. बहुतेक सर्व वनस्पतींत आणि आपल्यातही ते तिथेच आहे. पण १९९१ मध्ये जॅकलिन न्यूजंट आणि जेफ्री पामर यांनी दाखवले की चवळी आणि मूग यांच्या तंतुकणिकेत हे जनुक नाहीच. ते केंद्रकात आहे. पुढे मुगाच्या तंतुकणिकेचा सुमारे ४ लाख अक्षरांचा डीएनए पूर्ण वाचला गेला, त्यातही ते सापडले नाही.

याहून मजेशीर गोष्ट त्यांच्या नातेवाइकांत दिसली.

सोयाबीनमध्ये दोन्ही प्रती शाबूत आहेत. केंद्रकातली काम करते, तंतुकणिकेतली गप्प बसलेली आहे. कॅनडातील पॅट्रिक कोव्हेलो आणि मायकेल ग्रे यांनीही १९९२ मध्ये सोयाबीनवर स्वतंत्रपणे हेच दाखवले.

वाटाण्यातही दोन प्रती आहेत, पण चित्र उलटे. तिथे तंतुकणिकेतली प्रत काम करते आणि केंद्रकातली गप्प आहे.

एका ओळीत मांडले तर असे होते. मका : फक्त तंतुकणिकेत. वाटाणा : दोन्हीकडे, काम तंतुकणिकेत. सोयाबीन : दोन्हीकडे, काम केंद्रकात. मूग आणि चवळी : फक्त केंद्रकात. स्थलांतराच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंतचे टप्पे वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवल्यासारखे आहेत. अर्थात मका बदलून मूग झाला असा याचा अर्थ नाही. या सगळ्या आजच्या वनस्पती आहेत. शेंगा येणाऱ्या वनस्पतींच्या एका समान पूर्वजात दुसरी प्रत तयार झाली आणि मग प्रत्येक शाखेत तिचे पुढे वेगवेगळे झाले, इतकाच अर्थ आहे.

प्रवास कोणत्या रस्त्याने झाला?

शास्त्रज्ञांनी या प्रवासाचा रस्ताही ओळखला, आणि तो ज्या पद्धतीने ओळखला ते मला या विषयातले सर्वांत सुंदर वाटते.

डीएनएची अक्षरे चार : ए, टी, जी आणि सी. जनुक वाचले जाते तेव्हा आधी त्याची आरएनए प्रत निघते. आरएनएमध्ये टीच्या जागी यू असतो. बहुतेक ठिकाणी ही प्रत हुबेहूब असते. वनस्पतींच्या तंतुकणिकांत मात्र प्रत काढल्यावर तीत दुरुस्त्या होतात. ठरावीक जागी सी काढून यू केला जातो. हे १९८९ मध्ये लक्षात आले. अरॅबिडॉप्सिसच्या तंतुकणिकेत अशा ४०० हून अधिक जागा आहेत. म्हणजे मूळ वहीत चूक तशीच राहते आणि प्रत्येक प्रतीवर ती दुरुस्त केली जाते.

आता तपास सोपा झाला. केंद्रकातील कॉक्स-२ जनुक जर तंतुकणिकेच्या डीएनएवरून सरळ आले असेल, तर त्या जागांवर सी दिसला पाहिजे. आणि जर ते दुरुस्त झालेल्या आरएनएवरून उलट डीएनए बनून आले असेल, तर त्या जागांवर टी दिसला पाहिजे. पाहिले तर केंद्रकातील जनुक दुरुस्त आरएनएशी अधिक जुळत होते. म्हणजे वही गेली नव्हती, दुरुस्त केलेली प्रत गेली होती, आणि तिच्यावरून केंद्रकात नवी वही लिहिली गेली.

प्रत्येक वेळी असेच होते असे नाही. अरॅबिडॉप्सिसच्या दुसऱ्या गुणसूत्रात तंतुकणिकेच्या डीएनएचा प्रचंड तुकडा जसाच्या तसा शिरलेला आहे. १९९९ मध्ये हे गुणसूत्र वाचले गेले तेव्हा तो २ लाख ७० हजार अक्षरांचा वाटला. २००१ मध्ये डीएनएचे धागे ताणून, त्यांवर चमकणाऱ्या खुणा लावून प्रत्यक्ष मोजले तेव्हा तो सुमारे ६ लाख २० हजार निघाला. त्यात काही भाग पुन्हा पुन्हा आले होते आणि जुळणी करताना ते एकच समजले गेले होते. इतका मोठा तुकडा आत आला, तरी त्यातली जनुके म्हणून कामाला लागली नाहीत. वरच्या पाच पायऱ्यांपैकी दुसऱ्या पायरीवरच बहुतेकांचा प्रवास संपतो, हे यावरून कळते.

भाताने पत्ता कुठून मिळवला?

चौथी पायरी, म्हणजे पत्ता मिळवणे, सर्वांत अवघड वाटते. तयार पत्ता कुठून येणार? भाताच्या रोपाने याचे सरळ उत्तर दिले आहे : दुसऱ्याचा घ्यावा.

आरपीएस-१४ हे रायबोझोमच्या एका प्रथिनाचे जनुक. भातात ते तंतुकणिकेतून केंद्रकात आले आणि एका दुसऱ्या जनुकाच्या मध्यभागी जाऊन पडले. ते दुसरे जनुक आधीपासूनच तंतुकणिकेसाठी प्रथिन बनवत होते, म्हणजे त्याच्याजवळ प्रवर्तक होता आणि पत्ताही होता. आता एकाच जनुकाचा संदेश दोन तऱ्हांनी कापून जोडला जातो. एका तऱ्हेने जुने प्रथिन तयार होते, दुसऱ्या तऱ्हेने पत्त्याला आरपीएस-१४ जोडले जाते. जपानमधील शास्त्रज्ञांनी हे १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. आणि भाताच्या तंतुकणिकेत आरपीएस-१४चे मोडके, निकामी अवशेष अजूनही पडलेले आहेत. जुन्या पत्त्यावर रिकामे घर राहावे तसे.

हे किती वेळा घडले असेल? आरपीएस-१० नावाच्या दुसऱ्या जनुकासाठी २००० मध्ये २७७ प्रकारच्या फुलझाडांची तपासणी झाली. तंतुकणिकेतून ते २६ वेळा, वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे, नाहीसे झाल्याचे दिसले. ज्या शाखांत खोलवर शोध घेतला तिथे ते केंद्रकात सापडले, आणि पत्त्याचा प्रश्न वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळ्या पद्धतींनी सुटलेला होता.

केंद्रक वरचढ आहे का?

हे सगळे वाचताना आपल्याला वाटते की यामागे काही योजना असावी. केंद्रक म्हणजे मुख्यालय, तिथे कागदपत्रे सुरक्षित, म्हणून हळूहळू सगळे तिकडे हलवले जात आहे. सैनिकी शाळेतल्या मुलांना तर हे पटकन पटेल. पण आकडे काय सांगतात?

१९९९ मध्ये कीथ अ‍ॅडम्स, पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेंगा येणाऱ्या वनस्पतींच्या २५ हून अधिक प्रजातींत कॉक्स-२च्या दोन्ही प्रती तपासल्या. सात वनस्पतींत दोन्ही प्रतींवरून आरएनए तयार होताना दिसला, म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालू. मग वंशावळ मांडून त्यांनी मोजले की केंद्रकातली प्रत किती वेळा बंद पडली आणि तंतुकणिकेतली किती वेळा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे निघाले, प्रत्येकी ३ ते ५ वेळा. म्हणजे या जनुकाला केंद्रकात राहण्याचा काही खास फायदा दिसत नाही. दोन प्रती आहेत, त्यांतली एक पुरेशी आहे, ज्या प्रतीत आधी बिघाड होईल ती मागे पडते. मुगात केंद्रकातली टिकली, वाटाण्यात तंतुकणिकेतली. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. १९९१ मध्ये हे स्थलांतर ६ ते २० कोटी वर्षांपूर्वीचे मानले होते, ते त्याहून अलीकडचे ठरले. संशोधकांनी स्वतःचाच जुना अंदाज नव्या पुराव्यापुढे बदलला.

मग दूरवर पाहिले तर प्रवाह केंद्रकाकडेच का दिसतो? कारण हा रस्ता व्यवहारात एकतर्फी आहे. पेशीत तंतुकणिका अनेक असतात. एखादी फुटली तरी पेशी जगते आणि तिचे तुकडे केंद्रकापर्यंत जाऊ शकतात. केंद्रक फुटले तर पेशीच मरते. शिवाय तंतुकणिकेतली प्रत एकदा पूर्ण गेली की परत येणे जवळजवळ अशक्य. एका दिशेने फिरणाऱ्या दातेरी चाकाला कोणी मुद्दाम ढकलावे लागत नाही, धक्के कसेही बसले तरी ते पुढेच सरकते.

उरलेली का उरली?

तरीही काही जनुके तंतुकणिका सोडत नाहीत. याची दोन कारणे समजण्यासारखी आहेत. पहिले, काही प्रथिने पाण्यापासून पळणारी, तेलकट स्वभावाची असतात. बाहेर तयार केली तर ती आवरणातून आत ओढणे कठीण जाते. सोयाबीनवरील प्रयोगांत २००२ मध्ये दिसले की तंतुकणिकेतल्या कॉक्स-२ प्रथिनाला नुसता पत्ता जोडून ते आत जात नाही. त्याचा तेलकटपणा एका भागात थोडा कमी व्हावा लागतो, आणि केंद्रकातल्या प्रतीत तो तसा झालेला आहे.

दुसरे कारण भाषेचे. माणसाच्या तंतुकणिकेत जनुके वाचण्याचे नियम थोडे वेगळे आहेत. यूजीए हा तीन अक्षरी शब्द केंद्रकाच्या भाषेत ‘थांबा’ असा आहे, तर आपल्या तंतुकणिकेत त्याचा अर्थ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. असे जनुक केंद्रकात गेले तर मध्येच वाचन थांबेल. वनस्पतींच्या तंतुकणिकांची भाषा केंद्रकासारखीच आहे. म्हणून त्यांच्यात रस्ता उघडा राहिला आणि प्राण्यांत तो बंद झाला.

याचा माणसाला उपयोग काय?

लेबरचा आनुवंशिक दृष्टिविकार नावाचा एक आजार आहे. तंतुकणिकेतील एका जनुकात, बहुधा एनडी-४ मध्ये, एक अक्षर बदलल्याने तो होतो. बहुतेक वेळा तरुण मुलांची मधली दृष्टी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जाते, आधी एका डोळ्याची, मग दुसऱ्याची. आपल्या वयाच्या आणि आपल्यापेक्षा थोड्या मोठ्या मुलांना होणारा हा आजार आहे. ज्यांना पुढे विमान उडवायचे आहे किंवा निशाण साधायचे आहे, त्यांना याचे गांभीर्य सांगायला नको.

तंतुकणिकेच्या आत शिरून जनुक दुरुस्त करणे फार अवघड. म्हणून शास्त्रज्ञांनी वनस्पतींचाच मार्ग धरला. एनडी-४ जनुक केंद्रकाच्या भाषेत पुन्हा लिहिले, त्याच्या पुढे तंतुकणिकेचा पत्ता जोडला, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने ते डोळ्यात सोडले. प्रथिन बाहेर तयार व्हावे आणि आत जावे, ही कल्पना. माणसांवर याच्या चाचण्या झाल्या आहेत. काही रुग्णांची दृष्टी सुधारली, आणि एकाच डोळ्यात इंजेक्शन देऊनही दोन्ही डोळ्यांत सुधारणा दिसली, याचे कोडे अजून अभ्यासले जात आहे. तिसरी, चौथी आणि पाचवी पायरी, जी भाताने आणि मुगाने लक्षावधी वर्षांत योगायोगाने पार केली, ती इथे माणूस ठरवून पार करू पाहतो आहे.

तेव्हा ‘काही’ या शब्दाचे उत्तर असे : तंतुकणिका आज फक्त मोजकी प्रथिने तयार करतात, बाकीच्यांची जनुके एकेक करून केंद्रकात गेली किंवा हरवली, आणि वनस्पतींत हे काम अजून पूर्ण संपलेले नाही. पुढच्या वेळी मेसमध्ये मुगाची उसळ आणि वाटाण्याची भाजी एकाच दिवशी आली, तर शेजारच्या मित्राला विचारा की या दोघांच्या पेशी श्वास घेतात सारख्याच, मग कॉक्स-२ कोणाचे कुठे?

विचार करा आणि लिहा

१. एका वनस्पतीत कॉक्स-२च्या दोन्ही प्रती चालू आहेत. उद्या तंतुकणिकेतली प्रत बिघडली तर रोप मरेल का? कारण द्या.

२. केंद्रकातील एखाद्या जनुकात दुरुस्तीच्या सर्व जागांवर सी आढळला, टी नाही. ते कोणत्या रस्त्याने आले असावे?

३. माणसाचे तंतुकणिकेतील जनुक काहीही न बदलता केंद्रकात घातले, तर प्रथिन पूर्ण का तयार होणार नाही?

— एक कॅडेट, इयत्ता दहावी